वेगळ्या घडणीचे मूल आणि घरातला एक दिवस

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात आकडे असतात. बाह्यरुग्ण विभागात किती तपासण्या झाल्या, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, किती खाटा वाढल्या, यावरून विश्वस्तांना व देणगीदारांना कामाची गती कळते आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या बालविकास कक्षाचे काम याच पद्धतीने सांगू गेलो, तर त्यातला गाभा निसटतो, असा आमचा अनुभव आहे. तेथे शस्त्रक्रिया होत नाही. बहुतेक वेळा औषधाची चिठ्ठीही लिहिली जात नाही. एका खोलीत सतरंजी अंथरलेली असते, मूल खेळत असते, आई किंवा वडील बोलत असतात आणि आम्ही ऐकत असतो. कक्षास भेट देण्यास आलेल्या एका हितचिंतकांनी आम्हांला सरळच विचारले, "येथे आपण नेमके काय करता?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता आले नाही, म्हणून हा लेख.

कोणती ही मुले?

काही मुलांच्या मेंदूची घडण जन्मतःच इतरांहून वेगळी असते. इंग्रजीत अशा मुलांसाठी 'न्यूरोडायव्हर्जंट' हा शब्द रूढ झाला आहे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांत प्रामुख्याने तीन गट आढळतात. पहिला स्वमग्नतेचा, म्हणजेच ऑटिझमचा. या मुलांना इतरांशी संवाद साधणे अवघड जाते, ठरावीक क्रमाची ओढ असते आणि आवाज, स्पर्श, प्रकाश, चव यांची जाणीव फार तीव्र किंवा फार मंद असते. दुसरा गट अतिचंचलतेचा, ज्यास एडीएचडी म्हणतात. येथे लक्ष टिकवणे, थांबणे, वाट पाहणे आणि हातातले काम क्रमाने पूर्ण करणे यांत अडचण असते. तिसरा गट अध्ययन-अक्षमतेचा. बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखाद्या गोष्टीत मूल सतत अडखळते. २००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला. एकाच मुलात यांपैकी दोन गोष्टी एकत्र असणेही मुळीच दुर्मीळ नाही.

अशी मुले थोडीथोडकी नाहीत. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत श्रवण, दृष्टी, अपस्मार, स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन-अक्षमता आदी नऊ प्रकारच्या विकासविषयक अडचणींचा शोध घेण्यात आला. यांपैकी निदान एक तरी अडचण असलेल्या मुलांचे प्रमाण दोन ते सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात सुमारे ९ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या वयोगटात १३ टक्क्यांहून अधिक आढळले. याचा अर्थ असा की, आपल्या प्रत्येकाच्या नात्यात, इमारतीत किंवा आळीत असे एखादे घर आहेच. आपणांस ते दिसत नसेल, तर बहुधा त्या घराने बाहेर पडणे कमी केले असावे.

दिवस कसा जातो?

निदानाचा दिवस पालकांना जन्मभर आठवतो. तथापि त्यांची खरी कसोटी त्या दिवशी लागत नाही. ती त्यानंतर रोज लागते. सकाळी दात घासताना ब्रशचा स्पर्श असह्य होतो. गणवेशाच्या कॉलरमागची पट्टी टोचते, म्हणून मूल सदरा फाडू पाहते. न्याहारीला केवळ पांढरा भात चालतो. त्याच्या कडेला वरणाचा थेंब लागला तरी ताट दूर सारले जाते. कुकरची शिट्टी होण्यापूर्वी आईला मुलाचे कान झाकावे लागतात. केस कापण्यासाठी दोन माणसांनी धरावे लागते, म्हणून महिनोन् महिने केस कापलेच जात नाहीत.

अतिचंचल मुलाच्या घरी हीच सकाळ निराळ्या तऱ्हेने कठीण असते. एक मोजा पायात, दुसरा हातात, आणि मूल खिडकीशी उभे राहून रस्त्यावरची गंमत पाहत असते. "किती वेळा सांगायचे?" हे वाक्य घरात इतक्यांदा उच्चारले जाते की, त्याचा अर्थच नाहीसा होतो. अध्ययन-अक्षम मुलाच्या घरी संध्याकाळ अवघड असते. दहा ओळींच्या शुद्धलेखनाला दोन तास लागतात, वही अश्रूंनी भिजते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वहीवर लाल शाईत 'निष्काळजी' असा शेरा येतो.

त्यात सणवार, लग्नकार्ये आणि प्रवास यांची भर पडते. आपल्याकडे आनंद आणि आवाज यांची फारकत करणे कठीण. गणपतीच्या मिरवणुकीतील ढोल-ताशा, दिवाळीचे फटाके, मंगल कार्यालयातील ध्वनिक्षेपक आणि गालाला हात लावणारे आप्तेष्ट हे सारे त्या मुलावर एकाच वेळी कोसळते. मूल जमिनीवर आडवे पडून किंचाळू लागते. तेव्हा भोवतालच्या शंभर डोळ्यांत एकच निकाल असतो : "वळण लावलेले नाही." त्यानंतर ते कुटुंब पुढच्या लग्नाला केवळ आहेर पाठवते.

रात्रही विश्रांतीची असतेच असे नाही. यांतील अनेक मुलांना झोप कमी व तुटक असते. काही मुले संधी मिळताच दार उघडून बाहेर पडतात. म्हणून दाराची वरची कडी लावून, तिच्याकडे एक कान ठेवून आईवडील झोपतात. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर जायचे असते.

हट्ट आणि उद्रेक

आमच्याकडे येणारा सर्वांत सामान्य प्रश्न असा असतो : "हा हट्ट करतो आहे, की त्याला खरोखरच काही होते आहे?" हा भेद समजून घेणे फार आवश्यक आहे. हट्टाला हेतू असतो. हट्ट करणारे मूल मधूनच आपल्याकडे कोणी पाहते आहे का, हे तपासते आणि हवी ती वस्तू मिळाली की शांत होते. उद्रेकाला असा हेतू नसतो. मुलाच्या सहनशक्तीवर दिवसभर पडत गेलेला भार अखेर उतू जातो. मग खाऊ दिला तरी ते शांत होत नाही आणि धाक दाखवला तर भार अधिकच वाढतो. अशा वेळी आवाज व गर्दी कमी करणे, कमीत कमी शब्द बोलणे, मुलाला इजा होणार नाही एवढे पाहणे आणि शांतपणे जवळ थांबणे, हाच उपाय. समजावून सांगायचे ते नंतर. २०१३ साली सुधारलेल्या अमेरिकन निदान-निकषांत ज्ञानेंद्रियांच्या या अतितीव्र वा मंद प्रतिसादाला स्वमग्नतेच्या लक्षणांत स्थान मिळाले. पालक मात्र हे कितीतरी आधीपासून सांगत होते.

येथे एका कुटुंबाची हकीकत सांगणे उचित होईल. ओळख पटू नये म्हणून तपशील मोघम ठेवले आहेत. तालुक्याच्या गावाहून एक आई आपल्या सहा वर्षांच्या स्वमग्न मुलाला घेऊन आली. मूल अगदी मोजके शब्द बोलत असे. संध्याकाळी सहाच्या सुमारास ते भिंतीवर डोके आपटू लागे. परंतु हे रोज घडत नसे, आठवड्यातून दोनतीनदाच घडे. "रोज होत असते, तर कारण कळले असते," असे ती म्हणाली. घरातील वडीलधाऱ्यांनी दृष्ट काढली होती. शेजारणीने लाड कमी करण्याचा सल्ला दिला होता. बराच वेळ बोलल्यावर, मान खाली घालून तिने सांगितले, "मागच्या आठवड्यात मी त्याला मारले. खूप मारले. आणि नंतर त्याच्याच शेजारी बसून रडले."

आम्ही तिला एक शंभरपानी वही दिली आणि तिच्यात तीन रकाने आखून दिले : आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर आपण काय केले. पहिल्या आठवड्यात पहिला रकाना जवळजवळ कोराच राहिला. "आधी काहीच घडत नाही," असे तिचे म्हणणे. तेव्हा शाळा सुटल्यापासूनची प्रत्येक बारीकसारीक गोष्ट, वेळेसह, लिहिण्यास आम्ही सुचवले. तीन आठवड्यांनी वही उघडली, तेव्हा उत्तर तिच्याच अक्षरात समोर होते. ज्या दिवशी उद्रेक होई, त्या दिवशी मूल वीस मिनिटे उशिरा घरी पोहोचे. चौकशी केली असता कळले की, त्या दिवशी रिक्षावाले काका आधी दुसऱ्या एका मुलाला शिकवणीला सोडीत आणि त्यासाठी रिक्षा नेहमीच्या वळणावर न वळता पुढे जाई. आपल्याला ही लहानशी गोष्ट वाटेल. ज्या मुलासाठी ओळखीचा रस्ता हाच दिवसाचा आधार, त्याच्या दृष्टीने ते घर हरवणे होते.

उपाय साधा निघाला. शिकवणीच्या घराचे एक आणि स्वतःच्या घराचे एक, अशी दोन छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून काकांकडे दिली. ज्या दिवशी वळसा घ्यायचा, त्या दिवशी शाळेच्या दारातच काका मुलाला ती क्रमाने दाखवू लागले : आधी हे, मग हे. उद्रेक एका दिवसात थांबले नाहीत. पण महिन्याभरात ते विरळ झाले. पुढील भेटीस आई आली, तेव्हा दुसऱ्या रकान्यात बरीच कोरी जागा होती. तिसऱ्या रकान्यात तिने एके ठिकाणी लिहिले होते, 'आज मी ओरडले नाही.' मुलाच्या प्रगतीइतकेच ते वाक्य आम्हांला मोलाचे वाटले.

दोष कोणाचा?

आईला दोषी धरण्याची प्रथा केवळ आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेची ओळख वैद्यकविश्वाला करून दिली. त्यानंतर अनेक वर्षे आईवडिलांच्या, विशेषतः आईच्या, भावनिक थंडपणामुळे मूल असे होते, हा समज तज्ज्ञांतही प्रचलित राहिला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने त्याला मोठीच प्रसिद्धी दिली. मानसशास्त्रज्ञ असलेले आणि स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ सालीच या समजाचे खंडन केले होते. १९७७ साली ब्रिटनमध्ये सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास केला. एकरूप जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती. भिन्नरूप जुळ्यांच्या दहा जोड्यांत मात्र असे एकही उदाहरण नव्हते. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे त्यानंतर वारंवार सिद्ध झाले आहे. लसीमुळे स्वमग्नता येते, असे सुचवणारा १९९८ सालचा शोधनिबंधही 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, तो जुना निकाल आजही घराघरांत बजावला जातो. "आई नोकरी करते म्हणून", "मोबाईल दिला म्हणून", "एकत्र कुटुंबात राहिली नाही म्हणून." वडिलांना वेगळ्या प्रकारे एकटे पाडले जाते; त्यांनी केवळ खर्चाची तजवीज करावी, अशी अपेक्षा असते. अपराधी भावनेने वाकलेला पालक मुलाकडे नीट पाहू शकत नाही, कारण त्याचे सगळे लक्ष लोक काय म्हणतील याकडे लागलेले असते. म्हणून आमच्या कक्षात पहिल्या भेटीतील पहिले वाक्य ठरलेले आहे : हे तुमच्यामुळे झालेले नाही.

या अपराधी भावनेचा गैरफायदा घेणारेही आहेत. मूल 'पूर्ण बरे' करून देतो, असे सांगून महागडे उपचार विकले जातात आणि त्यासाठी दागिने मोडलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. मूळपेशींचा उपचार हा त्यांतलाच एक. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ साली स्वमग्नतेवरील उपचार म्हणून त्याची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. या मुलांची घडण हा ताप किंवा जंतुसंसर्ग नव्हे की तो उतरावा. अतिचंचलतेत काही मुलांना औषधांचा चांगला उपयोग होतो; अपस्मार किंवा झोपेच्या तक्रारींवरही औषधे लागतात. परंतु मुलाला बोलते करणे, त्याची भीती कमी करणे आणि त्याला स्वतःची कामे स्वतः करता येणे, हे बहुतांशी घरातच आणि दररोजच्या व्यवहारातच घडते.

पालक हाच दुवा

म्हणूनच आमच्या कक्षात मुलाबरोबर पालकांचेही शिक्षण चालते. वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एखादा तास मुलाबरोबर असतो. उरलेला सारा वेळ मूल घरच्यांबरोबर असते. हे केवळ आमचे मत नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांच्या बाबतीत झालेला एक अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षण दिलेल्या, परंतु तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकवली. मुलाच्या खेळात आपला हुकूम न लादता त्याच्या मागोमाग जाणे, तो ज्याकडे पाहतो त्याविषयीच बोलणे, आणि त्याच्या उत्तरासाठी थांबणे, अशी ही रीत. पालकांचा मुलाशी सूर अधिक जुळला आणि मुलांनी आपण होऊन संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. सर्वच बाबतींत सुधारणा झाली असे नव्हे. तरीही तज्ज्ञांची वानवा असलेल्या प्रदेशात हे शक्य आहे, हा त्याचा मोठा धडा. जागतिक आरोग्य संघटनेने पालकांसाठी तयार केलेल्या प्रशिक्षणातही नऊ सामूहिक बैठका आणि तीन गृहभेटी यांची योजना आहे.

शिकवायच्या गोष्टी ऐकायला साध्या आहेत. दिवसाचा क्रम चित्रांत मांडून भिंतीवर लावणे. बदल होणार असेल, तर तो आधी सांगणे. 'आधी हे, मग ते' अशा दोनच पायऱ्यांत सूचना देणे. मोठे काम लहान तुकड्यांत वाटणे. चूक झाल्यावर बोलण्याऐवजी जमले त्या क्षणी कौतुक करणे. अध्ययन-अक्षम मुलाला लिहिण्याऐवजी तोंडी उत्तर देऊ देणे. अवघड आहे ते दमलेल्या अवस्थेत, सासरच्या मंडळींसमोर, संध्याकाळी सहा वाजता हे आठवणे. त्यासाठीच पालकांना सोबत लागते. महिन्यातून एकदा होणाऱ्या पालक-मेळाव्यात एका आईने सांगितलेली युक्ती दुसरीला आमच्या दहा सल्ल्यांपेक्षा अधिक पटते. जगभर या क्षेत्रातील अनेक संस्था पालकांनीच उभारल्या आहेत. दिल्लीत १९९१ साली सुरू झालेली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था मेरी बरुआ या एका आईनेच स्थापन केली.

कायद्याने दिलेले

पालकांना हक्कांची माहिती देणे हाही आमच्या कामाचा भाग आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा आणि अध्ययन-अक्षमतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले व त्यांत या दोहोंचा समावेश झाला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्न व्यक्तींना 'निरामय' या योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळू शकते. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वासाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाड्या व शाळांत मुलांची तपासणी होते आणि विकासात विलंब आढळल्यास पुढे पाठवले जाते. अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षांत वाढीव वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती आहेत. मात्र प्रमाणपत्रासाठी माराव्या लागणाऱ्या खेपा, बुडणारी मजुरी आणि गर्दीच्या रांगेत थांबू न शकणारे मूल, या अडचणी कायद्याच्या पुस्तकात दिसत नाहीत. आमच्या समाजसेवा विभागाचा बराचसा वेळ कागदपत्रे आधीच जुळवून या खेपा कमी करण्यात जातो.

आमच्यानंतर कोण?

मूल लहान असते, तोवर पालक शाळेविषयी विचारतात. ते मोठे होऊ लागले की प्रश्न बदलतो. निरोप घेताना, दाराशी थांबून, हलक्या आवाजात तो विचारला जातो : "आमच्यानंतर याचे कोण?" या प्रश्नाला आमच्यापाशी पुरेसे उत्तर नाही, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. कायदेशीर पालकत्व, विमा व आर्थिक तजवीज यांचा विचार लवकर करावा, असे आम्ही सुचवतो. मुलाला स्वतः आंघोळ करता येणे, चहा करता येणे, बसचा क्रमांक ओळखता येणे, ही या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात आहे, असेही सांगतो. सारा भार भावंडावर न टाकता त्यालाही स्वतःचे बालपण मिळावे, याची आठवण करून देतो. त्यापुढचे उत्तर एका रुग्णालयाला देता येणार नाही. ते समाजानेच द्यायचे आहे.

तेव्हा त्या हितचिंतकांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : येथे आम्ही पालकांबरोबर त्यांचा एक दिवस वाचतो आणि तो थोडा अधिक सुसह्य व्हावा म्हणून त्यातली एखादी गोष्ट बदलून पाहतो. आपल्या देणगीतून वह्या येतात, चित्रे येतात, गृहभेटीला जाणाऱ्या कार्यकर्तीचे एसटीचे भाडे निघते, आणि मुख्य म्हणजे एका कुटुंबाला निवांत ऐकून घेण्याचा एक तास मिळतो. त्याबद्दल आम्ही सर्व देणगीदारांचे व विश्वस्तांचे मनःपूर्वक ऋणी आहोत. त्याचबरोबर पैशापलीकडची एक विनंती करतो. पुढील लग्नसमारंभात एखादे मूल जमिनीवर आडवे पडून रडताना दिसले, तर त्याच्या आईकडे रोखून पाहू नये. जवळचा ध्वनिक्षेपक थोडा हळू करण्यास सांगावे, एखादी शांत खोली उघडून द्यावी आणि जमल्यास तिच्यासाठी जेवणाचे एक ताट बाजूला काढून ठेवावे. त्या रिक्षावाल्या काकांनी याहून अधिक काही केले नव्हते.